निवृत्ती कशाची : पदाची की कर्माची?

मनुष्याच्या आयुष्यात एक दिवस असा येतो की, काल सायंकाळपर्यंत ज्याच्या सहीवाचून कागद पुढे सरकत नव्हता, त्याला आज सकाळी उठून कोठेच जावयाचे नसते. राजस्थानची राजधानी जयपूर येथील सरकारी कचेऱ्यांत महिन्याच्या अखेरच्या दिवशी हा प्रसंग वारंवार घडतो. वयाची ६० वर्षे पूर्ण झालेल्या कर्मचाऱ्याच्या मस्तकी साफा बांधतात, गळ्यात हार घालतात आणि सहकारी त्याला सन्मानाने घरी पोचवितात. समारंभ मंगल असतो. परंतु रात्री पाहुणे परतल्यावर त्या गृहस्थाच्या मनात जो प्रश्न उभा राहतो, तो केवळ पैशाचा नसतो. आता आपले कर्तव्य काय उरले, हा तो प्रश्न होय.

त्याच नगरीत, चांदपोल बाजारानजीकच्या 'खजानेवालों का रास्ता' या गल्लीत, दुसरा एक वृद्ध छिन्नी-हातोडी घेऊन बसलेला असतो. मकराण्याच्या संगमरवरातून देवमूर्ती घडविणे हा तेथील पिढीजात व्यवसाय आहे. याला निवृत्तीची तारीख नाही. दृष्टी मंदावते, हात कापू लागतो, दगडाची धूळ वर्षानुवर्षे छातीत साचते. तरी हात चालेल तोवरच मजुरी. जोहरी बाजाराच्या परिसरात रत्नांना पैलू पाडणारे, सांगानेरला कापडावर ठसे उठविणारे, लाखेच्या बांगड्या वळणारे, यांपैकी बहुतेकांची स्थिती अशीच असते. एकाला थांबणे भाग पडते, दुसऱ्याला थांबणे परवडत नाही. या दोघांना गीतेचा उपदेश एकच आहे काय, याचा विचार प्रत्येक गृहस्थाने करावयास हवा.

प्रथम पहिल्याचा विचार करू. 'सेवानिवृत्ती' हा शब्द नित्याच्या वापरातला असला, तरी तो फसवा आहे. नोकरीला सेवा म्हणावयाचे आणि नोकरी संपली की सेवा संपली असे मानावयाचे, हा त्यातला घोटाळा. वस्तुतः संपते ती नेमणूक. तिची मर्यादाही माणसानेच घातलेली असते व तोच ती बदलतो. केंद्र सरकारच्या नोकरीतील निवृत्तीचे वय १९६२ साली ५५ वरून ५८ झाले आणि १९९८ साली ६०. ज्या वयाला एका पिढीने 'आता पुरे' म्हटले, त्याच वयाला पुढल्या पिढीने 'अजून चालू द्या' म्हटले. अशा तारखेवर मनुष्याच्या कर्तव्याचा अंत अवलंबून असेल, हे संभवत नाही.

वानप्रस्थाचा दाखला देऊन कोणी म्हणेल की, शास्त्रांनीच उतारवयात सर्व सोडावयास सांगितले आहे. परंतु मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायातील वानप्रस्थ रिकामा बसलेला नाही. नातवाचे मुख पाहून तो घराची सूत्रे सोडतो खरा, पण अध्ययन, यज्ञ, अतिथिसत्कार आणि भूतमात्राविषयी दया यांतून त्याची सुटका नाही. तो अधिकार सोडतो आणि कर्तव्य बरोबर नेतो. याउलट, कित्येक निवृत्त गृहस्थ कर्तव्य सोडतात आणि अधिकार मात्र घरी आणतात! कचेरीत जो हुकूम चालत होता तो आता पत्नीवर व सुनेवर चालू लागतो. त्या गृहिणीला तर कधीच निवृत्ती मिळाली नव्हती. पतीच्या निवृत्तीने तिचे काम मात्र वाढते.

अठराव्या अध्यायात भगवंतांनी त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मोहाने कर्तव्य टाकणे हा तामस त्याग, शरीराला क्लेश होतील म्हणून टाकणे हा राजस, आणि कर्म करीत राहून आसक्ती व फळ यांचा त्याग करणे हा सात्त्विक. ही कसोटी निवृत्त माणसाला तंतोतंत लागू पडते. त्याने खुर्ची आनंदाने सोडावी, कारण तिच्यावर पुढच्या पिढीचा हक्क आहे. मानाची अपेक्षा सोडावी. परंतु ३०-३५ वर्षांत मिळविलेले ज्ञान व अनुभव समाजाच्या खर्चाने मिळालेले आहेत. ते कपाटात बंद करून ठेवणे हा त्याग नव्हे.

हे अशक्य नाही, याचे उदाहरण जयपूरनेच दिले आहे. तेथील सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८ च्या सुमारास अस्थिशल्यतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि अल्पशिक्षित पण कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी 'जयपूर फूट' हा कृत्रिम पाय सिद्ध केला. तो लावून माणसाला मांडी घालता येते, उकिडवे बसता येते, अनवाणी शेतात जाता येते. हा पाय गरिबांना विनामूल्य मिळावा म्हणून देवेंद्रराज मेहता या सनदी अधिकाऱ्याने १९७५ साली 'भगवान महावीर विकलांग सहायता समिती' स्थापिली. मेहतांचा स्वतःचा पाय पूर्वी अपघातात गंभीर जखमी झाला होता. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर झाले, १९९५ ते २००२ या काळात 'सेबी'चे अध्यक्ष झाले. ते पद संपल्यावर त्यांनी स्वतःला या संस्थेच्या कार्यास वाहून घेतले. त्यांची नोकरी संपली आणि सेवेला सगळा दिवस मोकळा झाला. प्रत्येकाच्या हातून एवढे मोठे कार्य होणार नाही; परंतु शेजारच्या मुलाला गणित शिकविणे किंवा निरक्षर विधवेचा अर्ज लिहून देणे हेही लोकसंग्रहाचेच काम होय.

आता त्या मूर्तिकाराकडे वळू. त्यालाही 'अखेरच्या श्वासापर्यंत कर्म करावे' असे सांगून मोकळे होणे सोपे आहे. पण तो गीतेचा अपमान ठरेल. फलाची आसक्ती सोडावी हा उपदेश ज्याने त्याने स्वतःसाठी घ्यावयाचा असतो. दुसऱ्याची मजुरी बुडविण्यासाठी तो नाही. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड सरन्यायाधीश असताना, नकारा खटल्यात असा निर्णय दिला की, निवृत्तिवेतन हे मालकाच्या मर्जीचे दान नसून केलेल्या सेवेचा मोबदला आहे. हे तत्त्व सरकारी नोकराच्या बाबतीत न्याय्य असेल, तर ज्याने ५० वर्षे दगड फोडला त्याच्याच बाबतीत ते अन्याय्य कसे ठरेल?

काही पावले पडली आहेत. २०१५ सालच्या अटल पेन्शन योजनेत असंघटित कामगाराला ६० नंतर निवृत्तिवेतनाची सोय आहे. पण तीत प्रवेश वयाच्या चाळिशीपर्यंतच मिळतो, म्हणजे आज वृद्ध असलेल्याला तिचा उपयोग नाही. राजस्थान विधानसभेने २०२३ साली संमत केलेल्या किमान हमी उत्पन्नाच्या कायद्यात पात्र वृद्धांना दरमहा निदान १००० रुपये आणि त्यात दरवर्षी १५ टक्के वाढ अशी तरतूद आहे. आधार म्हणून ती स्वागतार्ह आहे. परंतु एवढ्या रकमेवर छिन्नी खाली ठेवता येत नाही.

२०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांची संख्या १० कोटींहून अधिक होती. एवढ्यांचा भार केवळ कायदा वाहील, ही आशा व्यर्थ आहे. येथे गृहस्थाचा धर्म सुरू होतो. ज्याने आपल्या घरी, शेतात वा दुकानात आयुष्य वेचले, त्याला म्हातारपणी रिकाम्या हाताने पाठवू नये. त्याच्या नावाने दरमहा काही रक्कम आधीपासूनच बाजूला ठेवावी. कामाचे मोल करताना घासाघीस आवरावी. आणि वृद्धाला काम करावयाचे असेल, तर ते त्याला झेपेल असे द्यावे. थकल्यावर थांबण्याचे स्वातंत्र्य द्यावे.

जयपुरात घडलेल्या संगमरवरी मूर्ती महाराष्ट्रातीलही अनेक मंदिरांत व देवघरांत विराजमान आहेत. त्यांच्यापुढे प्रातःकाळी हात जोडणाऱ्या गृहस्थाने क्षणभर त्या मूर्तीमागचे सुरकुतलेले हात आठवावेत. ज्याला विश्रांती लाभली आहे त्याने सेवा करावी आणि ज्याला विश्रांती लाभली नाही त्याला ती मिळवून द्यावी. निवृत्त माणसाच्या मोकळ्या वेळेचा याहून पवित्र विनियोग दुसरा नाही.