शाळा कशी आहे, की तिथे कोण शिकते?



शाळा जूनमध्ये उघडतात, पण शाळेचा प्रश्न घराघरांत कितीतरी आधी सुरू होतो. ज्यांच्या मुलाला येत्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणार आहेत, त्यांना पहिलीच्या प्रवेशाचा निर्णय घ्यावा लागतो. मग फॉर्म, फी, बसचे भाडे, गणवेश यांची चर्चा होते. या साऱ्या चर्चेत एक शाळा बहुधा येतच नाही. ती म्हणजे घरापासून चालत दहा मिनिटांवर असलेली जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. तिचे नाव निघालेच, तर एका वाक्यात तिचा निकाल लागतो: "तिथे कसली मुले जातात, ठाऊक आहे ना?"

आज आम्ही या एका वाक्याचा विचार आपल्यासमोर ठेवीत आहोत. सर्वांनी आपली मुले जिल्हा परिषदेच्या शाळेतच घालावीत असा आमचा आग्रह नाही. आईवडील हे मुलांचे पहिले शिक्षक आहेत आणि शाळा निवडण्याचा अधिकार त्यांचा आहे, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणविषयक घोषणापत्रात स्पष्ट सांगितले आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. शाळा पारखताना आपण नेमके काय पारखतो? आणि शाळा निवडून झाली की आपले कर्तव्य संपते का?

न पाहता दिलेला निकाल

संत थॉमस अक्वायनस यांनी विवेकाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: आधी चौकशी व सल्लामसलत, मग निर्णय, आणि शेवटी कृती. शाळेच्या बाबतीत आपण बहुतेकदा पहिली पायरी गाळून थेट दुसरीवर उडी मारतो. लग्नाचे स्थळ पाहताना चार ठिकाणी विचारणारी आपली माणसे शाळेबाबत मात्र शेजारणीच्या एका शब्दावर विसंबतात.

सरकारी शाळांची स्थिती चिंतेची आहे, हे खरे आहे. २०२४ च्या 'असर' पाहणीनुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. खासगी शाळांत हे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे फी भरूनही दहांतल्या चार मुलांना तो मजकूर वाचता आला नाही.

पण या फरकातला किती वाटा शाळेचा आणि किती घराचा? फी भरू शकणाऱ्या घरात पुस्तके असतात, अभ्यास घेणारे कोणीतरी असते. हे दोन्ही वाटे वेगळे करण्यासाठी आंध्र प्रदेशातील खेड्यांत एक मोठा प्रयोग झाला. त्याचा अहवाल कार्तिक मुरलीधरन व वेंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी २०१५ साली प्रसिद्ध केला. सरकारी शाळांतील इच्छुक मुलांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकण्यात आल्या आणि ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांची खासगी शाळेची फी भरण्यात आली. चार वर्षांनी पाहिले तेव्हा तेलुगू आणि गणित या विषयांत चिठ्ठी लागलेल्या व न लागलेल्या मुलांत फरक दिसला नाही. हिंदीत मात्र खासगी शाळेतली मुले पुढे होती. शाळेचा दर्जा म्हणून आपण जे मोजतो, त्यातला बराच भाग घराचा असतो, हे यावरून ध्यानात येते.

अर्थात, आंध्रातला प्रयोग किंवा देशाची सरासरी आपल्या गावातल्या शाळेविषयी काहीच सांगत नाही. त्यासाठी तिथे जावे लागते. पंधरा ऑगस्टला नव्हे, तर साध्या कामाच्या दिवशी, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन जावे. फळ्याच्या कोपऱ्यात पट व हजेरी लिहिलेली असते, ती वाचावी. शिक्षक किती आणि वर्ग किती, हे विचारावे. दोन शिक्षक चार वर्ग सांभाळत असतील तर ते कसे, हेही पाहावे. वह्या उघडून पाहाव्यात: लाल शाईत नुसती सही आहे, की चूक दुरुस्त करून दिली आहे? गोष्टीची पुस्तके कपाटात कुलूपबंद आहेत, की मुलांच्या हाताळणीने त्यांचे कोपरे दुमडले आहेत? मुलींच्या स्वच्छतागृहाच्या नळाला पाणी आहे का? तिसरीतल्या एखाद्या मुलीला एक परिच्छेद वाचून दाखवायला प्रेमाने सांगावे. ती अडखळली तर बाई काय करतात, ते नीट पाहावे. शाळेची अर्धी पारख तिथेच होते.

हीच फूटपट्टी नावात 'इंटरनॅशनल' असलेल्या शाळेलाही लावावी. तिथे शिक्षकांची पात्रता विचारावी, मान्यता आहे का ते पाहावे, अकरा अंकी यू-डायस क्रमांक मागावा. रंगवलेली भिंत आणि टाय लावलेले मूल पाहून फसू नये.

आपले मूल आणि इतरांची मुले

कोणी म्हणेल, "फादर, तत्त्वासाठी आम्ही आमच्या मुलाचा बळी द्यायचा का?" मुळीच नाही. प्रीतीलाही क्रम असतो, असे संत थॉमसच सांगतात. जे आपल्या पदरी आहेत त्यांचे ऋण अधिक. बाप आपल्या मुलाची काळजी आधी करतो, यात पाप नाही.

पण काळजी दोन प्रकारची असते. ॲडम स्विफ्ट या ब्रिटिश तत्त्वज्ञाने २००३ साली याच प्रश्नावर एक पुस्तक लिहिले. त्याच्या विचाराचा गाभा असा: जवळची शाळा मुलाला पुरेसे शिक्षण देऊ शकत नसेल, तर त्याला दुसरीकडे नेणे योग्य आहे. परंतु शाळा पुरेशी असतानाही केवळ इतर मुलांच्या पुढे घुसता यावे म्हणून पैसा खर्च करणे, ही वेगळी गोष्ट आहे.

आपल्याकडे आम्ही याला आणखी एक प्रकार जोडू. शाळा ठीक आहे, बाई चांगल्या शिकवतात, तरीही नको. कारण तिथे वारली पाड्यावरची मुले येतात, बिगाऱ्याची मुले येतात, आपल्या वाडीत भाजी खुडायला येणाऱ्या बाईचे मूल येते. अशा वेळी आपण जी फी भरतो ती शिक्षणाची राहत नाही. ती अंतराची किंमत होते.

"संगत महत्त्वाची नाही का?" आहे, नक्कीच आहे. पालकांनी संगत जरूर पाहावी. पण संगत म्हणजे वागणे. झोपडी, जात किंवा बापाचा धंदा म्हणजे संगत नव्हे. शिव्या आणि खोटेपणा महागड्या शाळेच्या बसमध्येही शिकता येतात. आणि जेवताना आपण "तसली मुले" म्हणतो, तेव्हा समोर बसलेले मूल काहीतरी शिकतच असते. तो धडा कोणतीही शाळा नंतर पुसू शकत नाही.

निर्णयानंतर

आपली निवड खासगी असली तरी तिचा परिणाम खासगी राहत नाही. शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन, ९१ ते १२० मुलांना चार, असा हिशेब असतो. म्हणजे पट कमी झाला की शिक्षक कमी होतात. शिक्षक कमी झाले की उरलेले पालकही मुले काढतात. पुढे पट विसाच्या खाली गेला की शाळा राहील की नाही, हीच चर्चा सुरू होते. अशा शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शासनाने २०२३ साली मांडला होता. "ती शाळा चांगली नाही" असे म्हणत आपण सारे निघून गेलो, तर आपले म्हणणे आपणच खरे करून दाखवतो. मागे राहते ते ज्याला दुसरीकडे जाता येत नाही असे मूल.

म्हणून ज्याचे मूल त्या शाळेत नाही, त्याचीही ती शाळा आहे. आपल्या धर्मग्रामात कितीतरी निवृत्त शिक्षक-शिक्षिका आहेत. मुख्याध्यापकांशी बोलून आठवड्यातून एक तास मुलांना वाचून दाखवणे त्यांना अवघड नाही. ज्यांचे मूल तिथे आहे, त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला जरूर जावे. कायद्याने तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि एकूण निम्म्या स्त्रिया. आपल्या आयाबहिणींनी तिथे फक्त सही करून परतू नये.

श्रद्धेच्या शिक्षणाची चिंता काहींना वाटते. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे संविधानाचे २८ वे कलम सांगते आणि ते योग्यच आहे. ती जबाबदारी घराची आणि रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाची आहे. मूल कॉन्व्हेंटमध्ये असले तरी ती टळत नाही.

तेव्हा पालकहो, फॉर्म भरण्याआधी एक सकाळ काढा आणि जवळची शाळा डोळ्यांनी पाहून या. पाहून आल्यावर "नको" म्हणालात, तर त्याचे कारण पतिपत्नींनी एकमेकांना मोठ्याने सांगा. ते कारण आपल्या मुलासमोर, आणि त्या शाळेतल्या मुलासमोरही, मान खाली न घालता सांगता येत असेल, तर निर्णय निःशंक मनाने घ्या. सांगता येत नसेल, तर पुन्हा एकदा विचार करा.

आपले धर्मगुरू