भरपूर हवेत गुदमरणं

2023 च्या दिवाळीत गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला देवमाशाचं पिल्लू लागलं. सुट्टीत सांगोला, मिरज, कोल्हापूर करत पुळ्याला जाणाऱ्या गाड्या आमच्या सोलापुरातून कमी निघत नाहीत, त्यामुळे त्या पिल्लाचे व्हिडिओ इथे घरोघरी फिरले. पिल्लू म्हणायचं, पण लांबी वीस फुटांच्या आसपास. गावकरी, वनखातं, पोलीस, तटरक्षक दल असे सगळे त्याच्यासाठी खपले. अंगावर पाणी मारलं, सलाईन लावलं, दोर बांधले, भरतीची वाट पाहिली. दोन दिवसांच्या खटपटीनंतर ते समुद्रात गेलं, पुन्हा किनाऱ्याला आलं आणि मेलं.

पाण्यातला जीव पाण्याबाहेर मरायचाच, असं म्हणून आपण विषय सोडून देतो. पण देवमाशाला कल्ले नसतात. त्याला आपल्यासारखी फुफ्फुसं असतात आणि पाण्यात राहूनही तो श्वास हवेतच घेतो. पुळ्याच्या वाळूवर हवेला काय तोटा होता? मग हवेवर जगणाऱ्या प्राण्याला हवेत ठेवल्यावर श्वास जड का व्हावा? याचं उत्तर त्याच्या बरगड्यांत आहे, पण तिथवर नाकापासून जावं लागतं.

आपलं नाक सदा उघडं असतं, देवमाशाचं सदा बंद. त्याच्या नाकपुड्या डोक्याच्या माथ्यावर असतात आणि मांसल बोळ्याने आपोआप मिटलेल्या राहतात. उघडायच्या तर स्नायू ताणावा लागतो. म्हणजे प्रत्येक श्वास ठरवून घ्यायचा. देवमाशांच्याच कुळातला डॉल्फिन तर त्यासाठी झोपतानाही अर्धा मेंदू जागा ठेवतो. तारकर्लीला डॉल्फिन दाखवणाऱ्या होडीचं इंजिन बंद केलं की कधी कधी प्राणी दिसायच्या आधी ‘फस्स’ असा आवाज येतो, तो त्याचा उच्छ्वास. आत घेणं आणि बाहेर टाकणं दोन्ही मिळून सेकंदभरही लागत नाही. महाकाय देवमाशांनाही एक-दोन सेकंद पुरतात. तेवढ्यात ते फुफ्फुसातली ऐंशी-नव्वद टक्के हवा बदलून टाकतात. आपण बसल्या बसल्या अर्धा लिटर हवा आत-बाहेर करतो, आणि फुफ्फुसं असतात पाच-सहा लिटरची.

श्वास न घेता बराच वेळ बुडी मारायची तर फुफ्फुसं प्रचंड हवीत, असं वाटतं. तसं नाही. देहाच्या मानाने ती जमिनीवरच्या प्राण्यांपेक्षा मोठी नसतात, खोल जाणाऱ्या जातींत तर उलट लहानच. सोलापूरकराला हे पटायला अवघड जाऊ नये. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात नळ केवढा आहे याला महत्त्व नसतं. टाकी, पिंपं, हंडे, कळशा किती आहेत याला असतं. देवमाशाची पिंपं म्हणजे रक्त आणि स्नायू. रक्त आपल्यात वजनाच्या सात टक्के, तर स्पर्म व्हेल या देवमाशात वीस टक्क्यांच्या घरात. स्नायूंत ऑक्सिजन धरून ठेवणारं मायोग्लोबिन हे प्रथिन इतकं ठासून भरलेलं असतं की मांस काळपट दिसतं. जॉन केंड्र्यू यांनी 1958 मध्ये एखाद्या प्रथिनाची त्रिमितीय रचना जगात पहिल्यांदा उलगडली, ती स्पर्म व्हेलच्या मायोग्लोबिनचीच. साठा पुरवून वापरायला हृदयही मंदावतं. 2018 मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ एका निळ्या देवमाशाच्या अंगावर उपकरण चिकटवून ठोके मोजले, तर बुडीत ते मिनिटाला दोनपर्यंत उतरले होते.

साठा असा अंगभर पसरल्यावर खोल पाण्यात फुफ्फुसांची गरजच उरत नाही. किंबहुना तिथे त्यांची अडचण होते. दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. शंभर मीटरवर तो पृष्ठभागाच्या अकरा पट होतो आणि छातीतली हवा आकसून अकराव्या हिश्श्यावर येते. ताठ पिंजरा असता तर तो मोडला असता. देवमाशाचा पिंजरा ताठ नाहीच. बरगड्या मणक्याला सैलसर जोडलेल्या. दात नसलेल्या, गाळून खाणाऱ्या देवमाशांत तर छातीच्या हाडाला फक्त पहिली जोडी टेकते, बाकीच्या पुढून मोकळ्या. दाब आला की छाती मुकाट्याने आत बसते. वायुकोश चपटे होतात, उरलेली हवा श्वासनळीच्या कूर्चेने मजबूत केलेल्या भागात ढकलली जाते आणि तिथून ती रक्तात फारशी जाऊ शकत नाही. दाबाखाली नायट्रोजन रक्तात विरघळून वर येताना त्याचे बुडबुडे होतात, हा पाणबुड्यांचा जुना दुखरा अनुभव. देवमासा त्यातून बराचसा सुटतो तो असा. शोलँडर या शास्त्रज्ञाने ही कल्पना 1940 मध्ये मांडली.

दबायलाच घडवलेली ही छाती आता पुळ्याच्या वाळूवर ठेवून पाहा. पाण्यात देहाचं वजन चहूबाजूंनी तोललं जातं, त्यामुळे ते पेलणाऱ्या सांगाड्याची देवमाशाला कधी गरजच पडली नाही. वाळूवर काही टनांचा भार एकाच बाजूवर येतो आणि पुढून मोकळ्या बरगड्या तो अडवू शकत नाहीत. प्रत्येक श्वासाला स्वतःचंच वजन उचलायचं. कुशीवर पडला तर खालचं फुफ्फुस दबूनच राहतं. पाण्यात ऊब धरणारी चरबी उन्हात अंग तापवते. दबलेले स्नायू फाटू लागले की साठ्याचं ते मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं निकामी करतं. म्हणून पाण्यात परत लोटलेला देवमासा सुटला असं लगेच धरता येत नाही; इजा आतल्या आत पुढे चालू असते. पुळ्याचं पिल्लू तर आईविना होतं. निळ्या देवमाशाचं असल्याचं बातम्यांत आलं होतं, आणि त्यांची पिल्लं सहा-सात महिने केवळ आईच्या दुधावर असतात.

हे सगळं ध्यानात घेतलं की किनाऱ्यावर काय करायचं ते बरंचसं उमगतं. कुशीवर कलंडलेल्या प्राण्याला पोटावर सरळ करायचं, परांखाली वाळू उकरून खड्डे करायचे, शेपटीला दोर बांधून ओढायचं नाही. अंगावर ओली कापडं टाकायची, पण माथ्यावरच्या नाकपुड्या मोकळ्या सोडून. आणि बादली तिथे कधीच उपडी करायची नाही, कारण त्या पुढच्या श्वासाला केव्हा उघडतील ते त्याचं त्यालाच ठाऊक.