दीड एकराची कचेरी

डब्यातले चार दाणे एचएमटी तांदूळ तळहातावर घ्या आणि खिडकीपाशी उजेडात बसा. घाई नको.

त्यातला एक दाणा निरखा. बारीक, निमुळता. एका टोकाला इवलीशी खाच आहे. तिथे अंकुर होता, तो गिरणीत निघून गेला. सावकाश श्वास घ्या आणि मनाने या दाण्याच्या मागे जा. कोपरखैरण्यातले वाण्याचे दुकान, वाशीचा धान्यबाजार आणि तिथून दूर पूर्वेला चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातले नांदेड हे खेडे.

आता धानाच्या बांधीत उभे राहा. साल १९८३. तिसरीपर्यंत शिकलेले दादाजी खोब्रागडे पीक न्याहाळत आहेत. ‘पटेल ३’ वाणाच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसतात, पिवळसर आणि बारीक दाण्याच्या. ते त्या जपून ठेवतात आणि पुढच्या हंगामात निराळ्या पेरतात. भाताचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे दर हंगामी चांगली लोंबी निवडत आणि भेसळीचे रोप उपटत गेले की वाण स्थिरावतो. या वाणाला एचएमटी हे नाव मिळाले ते तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचे.

इथे थोडे थांबा. रोजच्या कामात वेगळे दिसलेले काही आपण शेवटचे कधी बाजूला काढून ठेवले? उत्तराची घाई करू नका. प्रश्न मनात मुरू द्या.

कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा गावाने ल्यूथर बरबँक या वाणकर्त्याचे घर आणि बाग जपली आहे. दादाजींची बाग, प्रयोगशाळा, कचेरी सारे एकच होते : दीड एकर शेत. एचएमटीनंतर ‘नांदेड चिन्नोर’, ‘डीआरके’ असे आणखी वाण त्यांनी निवडून काढले. ३ जून २०१८ रोजी ते गेले.

आता खिडकीबाहेर पाहा. सिडकोचे शहर येण्याआधी इथे कोपरखैरण्यातही आगरी-कोळ्यांची भातशेती होती. शेत गेले की त्यातले बियाणे आणि ते ओळखणारी नजरही जाते.

म्हणून दादाजींच्या कामाचे स्मारक करायचे, तर ते दर पावसाळ्यात पेरले जाणारे शेत असावे. त्यांचे सगळे वाण तिथे दरसाल उगवावेत आणि शाळकरी मुलांनी तिथे लोंबी निवडायला शिकावे. आणि आपण आज घरी भात वाढताना मुलांना दादाजी खोब्रागडे हे नाव जरूर सांगावे.