झालं गेलं गंगेला मिळालं?

माणूस चुकतो, हे आपल्याला तत्त्वतः मान्य असतं. फक्त तो आपल्या विमानाचा वैमानिक नसावा! अमेरिकेत कॅप्टन लाइल प्राउसनं १९९० मध्ये दारूच्या अमलाखाली प्रवासी विमान चालवलं. नोकरी गेली, लायसन्स गेलं, तुरुंगवास घडला. पुढे दारू सुटली आणि त्याच कंपनीनं त्याला परत घेतलं. १९९८ साली तो ७४७चा कॅप्टन म्हणून सन्मानानं निवृत्त झाला.

तिथं विमानसेवेत असा परत घेतलेला माणूस पहिल्या वर्षात निदान सहा वेळा अचानक तपासला जातो. म्हणजे क्षमा आणि संशय एकाच घरात नांदतात! आपण मात्र ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणतो नि जन्मभर टोमणे मारतो. मला विचाराल, तर तपासणी परवडली. ती पाच वर्षांत तरी संपते!