भेद कुठे मोजावा

पुरुषाला आई म्हणण्याची रीत आपल्या संप्रदायात आहे. आळंदीचे ज्ञानोबाराय आपली माउली, पंढरीचा पांडुरंग आपली विठाई. वारीत अनोळखी माणसाच्या पाया पडताना तो बाप्या की बाई हे कोणी पाहत नाही, दोघांनाही ‘माउली’च म्हणतो. आणि तरी त्याच दिंडीत वीणा कोणाच्या गळ्यात, मृदंग कोणाच्या कमरेला आणि पाण्याचा हंडा कोणाच्या डोक्यावर, हे सहसा विचारावे लागत नाही. ते ठरलेलेच असते.

म्हणून प्रवचन संपल्यावर एखादा शिकलेला मुलगा विचारतो, “महाराज, विज्ञान म्हणते स्त्री-पुरुष वेगळे आणि संत म्हणतात भेद नाही. मग खरे कोणाचे?” तेव्हा ‘आत्म्याला लिंग नसते’ एवढे सांगून त्याला वाटेला लावू नये. उत्तर बरोबर आहे, पण त्या मुलाला रोज आत्म्यांशी नाही, देहधारी माणसांशी वागायचे आहे.

आधी विज्ञानाचे नीट ऐकून घेऊ. वयात येताना मुलाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन नावाचे संप्रेरक खूप वाढते. त्याने स्नायू भरतात, हाडे रुंदावतात, हाताची पकड घट्ट होते. कमरेवरच्या ताकदीत स्त्री-पुरुषांचे अंतर मोठे असते, पायांच्या ताकदीत कमी. उलट तान्हेपणी मुलगे मुलींपेक्षा नाजूक असतात आणि बायका पुरुषांपेक्षा सरासरीने जास्त जगतात. पाळी, गर्भ, बाळंतपण हे बाईच्याच देहाला. पाळीत रक्त जाते आणि आपल्याकडे ताटात बाईच्या वाट्याला शेवटचे उरलेले येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला, पुरुषांत पाचांतल्या साधारण एकाला. हे नाकारण्यात कोणाचेही भले नाही.

बुद्धीची गोष्ट निराळी. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या पॉल ब्रोका या नामवंत वैद्याने मेंदू तोलून पाहिले. बायकांचे हलके भरले. शरीर लहान तर मेंदूही लहान असणार हे त्यालाही कळत होते, तरी ‘बायकांची बुद्धी मुळातच कमी’ हे मत त्याने सोडले नाही. तराजू बरोबर होता, निकाल आधी ठरला होता. आता दरवर्षी बारावीचा निकाल लागतो आणि उत्तीर्णांत मुलींचे प्रमाण मुलांहून जास्त असते. त्यावरूनही मुले मठ्ठ ठरवू नयेत म्हणजे झाले. सरासरी हजारांची निघते आणि समोर उभा असतो एकच जीव, हे दोन्हीकडे लागू आहे.

तर भेद आहे, काही बाबतींत ठळक आहे. मग तो कुठे मोजायचा? याचे उत्तर शोधायला पोथी उघडण्याआधी भीमेच्या काठी जावे.

शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. अलीकडे न्हावरे, मांडवगण फराटा. पलीकडे पारगाव, नानगाव, राहू. दोन्ही तीरांना ऊस. दिवाळीच्या सुमारास बीड, नगरकडच्या टोळ्या येतात आणि पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात. या धंद्यात माणसे मोजायची पद्धत अशी : नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल कोयत्याला मिळते, आणि ती बहुतेक वेळा नवऱ्याच्या हाती पडते. बाई वेगळी मोजलीच जात नाही. ती पहाटे उठून भाकरी थापते, दिवसभर ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन ट्रॉलीपाशी नेते, आणि गाडी रात्री आली तर रात्रीही भरते. कामाला न जाता आल्यास खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापतात.

पाळी आली तरी खाडा. पोटात मूल असले तरी मोळी तीच. फडात आडोसा नसतो, पाणी नसते. इथे भेद खरोखर होता, रक्तामांसाचा होता, आणि तो कोणीच मोजला नाही. मग काय झाले ते महाराष्ट्राने २०१९ साली ऐकले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली निघाली. त्यांत ऐन तिशी-पस्तिशीतल्या बायका होत्या. दुखणे घेऊन डॉक्टरकडे गेलेल्यांना पिशवीचा कॅन्सर होईल अशी भीती घातली गेली. आणि पिशवी गेली की पाळी नाही, पाळी नाही की खाडा नाही, हा हिशेबही होताच. कामाची रीत बदलायची नव्हती, म्हणून देह बदलला. मला वाटते, स्त्री-पुरुष ‘सारखे’ मानण्याचा याहून क्रूर प्रकार शोधून सापडणार नाही.

ही बाई इतकी दूरची नाही. मराठवाड्यातल्या कितीतरी दिंड्या आषाढी वारीला चालतात. मार्गशीर्षात जिच्या डोक्यावर मोळी होती तिच्याच डोक्यावर ज्येष्ठात तुळशीवृंदावन असू शकते.

आता उलट बाजू. जिथे देहाचा संबंध नाही तिथे आपण भेद काटेकोर मोजतो. तुकोबारायांची पालखी ज्येष्ठ वद्यात यवतला मुक्कामी येते, पिठले-भाकरीचा प्रसाद होतो, पुढे वरवंड, पाटस, रोटीचा घाट. या वाटेवर पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या खाऊन चालणाऱ्या बायका आहेत. कोणी सक्ती करत नाही, विटाळाची धास्ती पुरते. सोयराबाईंनी सातशे वर्षांपूर्वी देवालाच विचारून ठेवले आहे की विटाळावाचून झालेला देह कुठला दाखव. तो अभंग आपण टाळ वाजवत म्हणतो आणि गोळीचे पाकीटही पिशवीत असते. अलीकडे राज्य महिला आयोगाने वाटेवर स्त्रियांसाठी स्वच्छतेच्या सोयी सुरू केल्या, ते चांगलेच झाले. पण शौचालय सरकार देईल. मनातला विटाळ काढणे हे फडकऱ्यांचे काम आहे.

मुक्ताबाई सर्व भावंडांत धाकटी. ताटी लावून बसलेल्या ज्ञानोबारायांना तिने समजावले, योगसामर्थ्याने दीर्घायुषी झालेल्या चांगदेवांनी तिलाच गुरू केले. बहिणाबाई शिऊरच्या (हे वैजापूरकडचे, आपले शिरूर नव्हे, गल्लत पुष्कळांची होते). त्यांनी नवऱ्याचा मार खाऊनही तुकोबांचा अनुग्रह सोडला नाही, आणि जन्माने ब्राह्मण्य येते का हे तपासणारी वज्रसूची मराठीत आणली. बुद्धी आणि भक्ती यांत देह आडवा आला नाही. हेही कबूल करावे की संतवाङ्मयात स्त्रीला परमार्थातली धोंड म्हणणारी वचने आहेत. ती साधकाने स्वतःच्या मनाला घातलेली दटावणी आहे, असे आपण समजावतो. ते खरे आहे, पण मंडपात समोर निम्म्या बाया बसलेल्या असताना ते उलगडून सांगावे लागते. नुसते म्हटले तर त्यांना ती दटावणी आपल्यालाच वाटते.

आपल्या व्यासपीठाची जबाबदारी आणखी एका बाबतीत मोठी आहे. २०२० मध्ये सम तिथीला मुलगा, विषम तिथीला मुलगी असे कीर्तनातले एक विधान गाजले आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेले. विज्ञानाचे म्हणणे एवढेच : आईच्या बीजात एक्स गुणसूत्र असते, बापाच्या बीजात एक्स किंवा वाय. मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरते, तेही योगायोगाने, तिथी पाहून नव्हे. १९०५ साली अमेरिकेतल्या नेटी स्टीव्हन्स या विदुषीने पिठातल्या अळ्यांच्या अभ्यासातून हे दाखवले. तरी आपल्या गावांत तिसऱ्या मुलीनंतर बोल सुनेलाच लागतो. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ साली केला, आणि २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली नऊशेहून कमी भरल्या.

भेद कुठे मोजावा याचा एक धडा दौंड तालुक्यातच आहे, केडगावला. पंडिता रमाबाईंचा धर्ममार्ग पुढे आपल्याहून वेगळा झाला, म्हणून त्यांच्याकडून शिकू नये असे नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली : बायका आपली दुखणी पुरुष डॉक्टरला सांगू शकत नाहीत, म्हणून स्त्रियांना वैद्यक शिकवा. इथे त्यांनी भेद मोजला. त्याच रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आणलेल्या मुलींना आणि विधवांना छापखान्याच्या कामाला लावले, खिळे जुळवायला शिकवले. ते पुरुषांचे काम समजले जाई. तिथे त्यांनी भेद मोजला नाही.

माघ-फाल्गुनात भीमाकाठच्या गावोगावी सप्ताह असतात. रात्री नऊ ते अकरा कीर्तन. टोळीला पहाटे उठायचे असते, त्यामुळे कोप्यांतल्या बाया मंडपात क्वचितच येतात. पण कर्ण्याचा आवाज शेतापलीकडे जातो आणि चुलीपाशी भाकरी थापताना त्या सगळे ऐकत असतात. कीर्तनकाराने एखाद्या रात्री आपली पाळी नसताना तिकडे जाऊन बसावे आणि मंडपातले शब्द तिथून कसे ऐकू येतात ते पाहावे. आणि सप्ताहाच्या समितीने कीर्तनाची वेळ टोळीच्या मुकादमाला नव्हे, त्या बायांना विचारून ठरवावी. दुपारी गाडी यायच्या आधी तास-दीड तास मोकळा असतो.