पात्राची लेव्हल आणि आपली लेव्हल

॥ श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏



बिदर असो, भालकी असो, नाहीतर आळंद असो, घरोघरी सध्या एकच संवाद ऐकू येतो. आई ताट वाढून बसलेली. "काय करलालास रे? जेवायला ये." आतून उत्तर, "थांब ना आई, लेव्हल वाढलालीय!"

पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. कुणी ओरडतं, कुणी मोबाईल हिसकावून घेतं, आणि घरात दोन दिवस अबोला. पण मुलगा जे मिळवतोय म्हणतो, ते खरोखर मिळवणं आहे का, हे आपण त्याला विचारत नाही, आणि स्वतःलाही विचारत नाही. आज तोच प्रश्न घेऊ या.

*आधी खेळ समजून घेऊ*

ज्याची माहिती नाही त्यावर बोललं की मुलं मनातल्या मनात हसतात. म्हणून थोडक्यात सांगतो.

लूट-शूटर नावाचा खेळांचा एक प्रकार आहे. कॉम्प्युटरवर बॉर्डरलँड्स किंवा डेस्टिनी २ खेळतात ते यातलेच. त्यात आपलं एक पात्र असतं. शत्रू मारला की गुण मिळतात, गुण साठले की लेव्हल वाढते. शिवाय मेलेल्या शत्रूकडून बंदूक, चिलखत असं काहीतरी पडतं. ती लूट. वस्तू किती दुर्मीळ आहे हे रंगावरून कळतं. बॉर्डरलँड्समध्ये पांढरी साधी, मग हिरवी, निळी, जांभळी आणि त्यावरची केशरी. जुनं काढायचं, नवं घालायचं, ताकदीचा आकडा वाढला की आणखी मोठ्या शत्रूवर जायचं. तिथे आणखी भारी लूट. हे चक्र थांबत नाही. आपल्याकडची मुलं मोबाईलवर जे बीजीएमआय खेळतात त्याची रचना थोडी वेगळी आहे, पण लूट आणि लेव्हल तिथेही आहेच.

आता बघा, या कमाईत तीन गोष्टी आहेत. लेव्हल येते ती वेळ घातल्यामुळे. लूट येते ती बहुतेक नशिबानं. आणि तिसरी म्हणजे कसब: नेम, डोकं शांत ठेवणं, चौघांनी मिळून डाव रचणं. ते येतं सरावानं. पडद्यावर पहिल्या दोन गोष्टींचा आकडा मोठ्या अक्षरात दिसतो. तिसरीचा सहसा दिसत नाही.

*सुटत का नाही?*

प्रत्येक वेळी केशरी बंदूक मिळाली असती, तर मुलगा आठवड्यात कंटाळला असता. कधीच मिळाली नसती, तरी त्यानं खेळ सोडला असता. ती कधीतरी मिळते, म्हणून तो बसून राहतो. बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर या शास्त्रज्ञांनी पक्ष्यांवर आणि प्राण्यांवर प्रयोग करून १९५७ साली हेच मांडलं होतं. दाणा कधी मिळेल याचा नेम नसला, की कबूतर टोच मारायचं थांबत नाही. खेळ बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. पैसे देऊन बंद पेटी विकत घ्यायची आणि आत काय निघेल ते नशिबावर, असा प्रकार काही खेळांत आला, तेव्हा बेल्जियमनं २०१८ मध्ये त्याला सरळ जुगार म्हटलं.

तेव्हा मुलगा सुटत नाही म्हणजे तो वाईट आहे, असं नाही. आशेला कुठे गाठ मारायची हे जाणणाऱ्यांनी ती गाठ मारली आहे.

*मिळालं ते कुणाचं?*

सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं पबजी मोबाईलवर बंदी घातली, आणि ३० ऑक्टोबरला तो खेळ आपल्या देशात बंद झाला. मुलांनी रात्री जागून चढवलेली लेव्हल, पैसे घालून घेतलेले पोशाख, सगळं एका दिवशी दिसेनासं झालं. पुढे जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला आणि काही काळ जुनं सामान तिकडे नेण्याची सोय कंपनीनं दिली. दिली म्हणून मिळालं, हे लक्षात घ्या.

डेस्टिनी २ मध्ये तर बंदीसुद्धा आली नव्हती. नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीनंच काही जुने ग्रह आणि मोहिमा खेळातून काढून टाकल्या. पुष्कळ जुन्या शस्त्रांच्या ताकदीला मर्यादा घातली. शस्त्र पेटीत होतं, पण नव्या लढाईत निकामी.

*मग सगळंच व्यर्थ का?*

इथे घाईनं "हो" म्हणू नका.

बिदरच्या बिदरी कामाकडे बघा. जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओततात. त्यावर बारीक छिन्नीनं नक्षी कोरतात, आणि त्या खाचेत चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या पाण्यात ते घातलं, की धातू काळा होतो आणि चांदी तशीच चमकत राहते. याच कामासाठी शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

कारागिराचं भांडं विकलं जातं, हरवतं, फुटतंही. पण ते घडवताना हातात जे उतरलं ते भांड्याबरोबर जात नाही. उद्या नवा धातू द्या, तो परत करून दाखवील. खेळातलं कसबही याच जातीचं आहे. खेळ बंद पडला तरी संकटात न घाबरण्याची, सोबत्याला सांभाळून घेण्याची सवय मुलाजवळ राहू शकते. म्हणून "तू काहीच मिळवलं नाहीस" हे वाक्य खरं नाही, आणि मुलाला ते खोटं आहे हे कळतं.

कुणी विचारील, हातातलं कसबसुद्धा देहाबरोबर जाणारच ना? बरोबर. पण त्याआधी ते दुसऱ्याच्या हातात देता येतं. हीच आम्हाला कसोटी वाटते. डेस्टिनी २ मधली बंदूक दुसऱ्या खेळाडूला देताच येत नाही. लेव्हलही देता येत नाही. नेम कसा धरायचा हे मात्र धाकट्या भावाला शिकवता येतं, आणि शिकवल्यानं आपलं कमी होत नाही, उलट पक्कं होतं. जे दुसऱ्याला देता येतं, तेवढंच आपलं झालेलं असतं.

*आणि आपण मोठी माणसं?*

ही कसोटी मुलांना लावून आपण सुटलो असं होत नाही. पगाराचा आकडा, प्लॉट, लग्नात अंगावर घालायचं सोनं, सोसायटीतलं पद, हीपण आपली लेव्हल आणि लूटच. इतकंच कशाला, "माझा एवढा जप झाला, माझी एवढी पारायणं झाली" असा हिशेब सुरू झाला की साधनेचाही आकडाच होतो. जप वाढला आणि सुनेवरचा राग तेवढाच राहिला, तर पात्राची लेव्हल वाढली, आपली नाही.

गाणगापूरला दुपारी मधुकरी मागायची रीत आहे. गाडीतून आलेला अधिकारीसुद्धा झोळी घेऊन पाच घरी उभा राहतो. तेवढ्या वेळापुरतं सगळं चिलखत उतरलेलं असतं. ते उतरल्यावर उरतं काय, हे प्रत्येकानं स्वतःशी बघावं.

*या आठवड्यात एवढं करू*

✅ मुलाजवळ अर्धा तास बसायचं, आणि "मला शिकव" म्हणायचं. तो शिकवू लागला की त्याचं काय खरं आणि काय नुसता आकडा, हे त्यालाच दिसेल.

✅ वेळ आधी ठरवायची. अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास अशी मर्यादा बीजीएमआयनंच ठेवली आहे. घरची मर्यादा त्याहून कमी असू द्या. डाव चालू असताना मोबाईल हिसकावू नका, तिथे त्याचे सोबती त्याच्या भरवशावर असतात. डाव संपला की मात्र ताटावर.

✅ रात्री जेवताना लहान-मोठ्या सगळ्यांनी एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं: आज मी असं काय मिळवलं, जे उद्या दुसऱ्याला देता येईल?

पहिल्या दिवशी उत्तर सापडणार नाही. आम्हालाही रोज सापडत नाही. तरी विचारत राहू.

आपल्या घरच्या ग्रुपवर जरूर पाठवा. 🙏