कन्सल्टंटला किती सांगावे?



मुलाखत झाली, निकाल नाही. तेवढ्यात दुसऱ्या कन्सल्टंटचा फोन येतो : "आणखी कुठे मुलाखत दिलीत का? ऑफर आली तर नक्की जॉइन होणार ना?" आपली बरीच मुले "कुठेच नाही" आणि "नक्की" म्हणून मोकळी होतात.

संत थॉमस अक्विनास यांनी १३व्या शतकात या प्रश्नाचा काटेकोर विचार केला. खोटे बोलणे कधीच योग्य नाही. मात्र शहाणपणाने सत्य स्वतःजवळ ठेवता येते, असे त्यांचे मत. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथही हेच सांगतो : ज्याला जाणून घेण्याचा हक्क नाही, त्याला सत्य उघड करण्यास कोणी बांधलेला नाही. तेव्हा दुसऱ्या कंपनीचे नाव सांगायलाच हवे असे नाही. "इतरत्र बोलणे चालू आहे, कळवतो," एवढे पुरे.

"नक्की येतो" ही गोष्ट मात्र वेगळी. तो शब्द झाला. कन्सल्टंटला पैसे कंपनी देते, तेही बहुधा उमेदवार रुजू झाल्यावर. म्हणून तो घाई करतो. खुशाल दोन दिवस मागून घ्या. पण तुमच्या होकारावर विसंबून कंपनी इतरांना नकार कळवते. होकार देऊन पहिल्या दिवशी फोन बंद ठेवणे हल्ली हुशारी समजली जाते! कंपन्याही महिनोन्महिने उत्तर देत नाहीत, हे खरेच. पण त्याचा हिशोब तिसऱ्याच उमेदवाराकडून कसा चुकता करणार? मन बदलले तर त्याच दिवशी फोन करावा. बोलणी खावी लागतील, पण त्या जागी दुसऱ्या कोणाला तरी वेळेत बोलावता येईल.